मेंदूच्या इजेनंतर : समाजात परतण्याचे मोजमाप

मुंबईहून पुण्याकडे, गोव्याकडे किंवा उरणच्या बंदराकडे निघालेल्या वाहनाला पनवेल सहसा चुकत नाही. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, त्या काळी मुंबईचे उतारू होडीने पनवेलच्या बंदरात उतरत आणि तेथून घाटाची वाट धरीत. तेव्हापासून आजतागायत या गावाचे दैव रस्त्यांशी जोडलेले आहे. १८५२ साली स्थापन झालेली येथील नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. मधल्या काळात सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या, तळोजे येथे औद्योगिक वसाहत व कळंबोली येथे पोलादाचा बाजार आला, १९८९ पासून न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची रांग लागली आणि २००२ मध्ये कळंबोलीपासून सुरू होणारा सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्णपणे खुला झाला. गोव्याकडे जाणारा महामार्गही येथील पळस्पे फाट्यावरूनच पुढे जातो. रस्त्यांनी पनवेलला रोजगार दिला, व्यापार दिला, जमिनीला भाव दिला. त्याच रस्त्यांवरून डोक्याला मार लागलेली माणसेही रुग्णालयाकडे आणली जातात.

यांपैकी कित्येक वाचतात. महिन्या-दीड महिन्याने टाके निघालेले असतात, चालणे-बोलणे सुरू झालेले असते आणि आप्तेष्ट समाधानाने त्यांना घरी नेतात. काही आठवडे गेले की त्याच घरातून एक वाक्य ऐकू येऊ लागते : ‘माणूस वाचला, पण तो पहिला राहिला नाही.’ हे वाक्य दवाखान्याच्या कागदावर कोठेच नसते. तो पहिला राहिला नाही म्हणजे नेमके काय, कोणत्या बाबतीत आणि किती, हे सांगता आले तरच त्यावर काही उपाय करता येईल. गेल्या अर्धशतकात वैद्यकशास्त्राने या ‘किती’चे उत्तर देणारी मोजमापे हळूहळू तयार केली आहेत. ती आपल्याकडील घरांना कितपत लागू पडतात, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

जखमींचा रकाना

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली व ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांमध्ये दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण शेकडा ४४ हून अधिक होते. मृतांची नोंद तेथेच संपते, ते स्वाभाविक आहे. परंतु जखमींची नोंदही तेथेच संपते. साडेचार लाखांच्या जवळपास असलेल्या या माणसांपैकी किती जण पुन्हा कामावर गेले, किती जण एकटे बाजारात जाऊ शकतात, किती जणांच्या घरी मित्र येणे बंद झाले, हे सांगणारा रकाना त्या अहवालात नाही.

गंभीर दुखापत म्हणजे काय, हे ठरविताना कायद्याने मात्र या अंगाचा फार पूर्वीच विचार केला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत गंभीर दुखापतीची जी लक्षणे दिली होती, त्यांत हाड मोडणे, दृष्टी जाणे यांच्या जोडीला आणखी एक लक्षण होते : ज्या इजेमुळे मनुष्य वीस दिवस आपले नित्याचे व्यवहार करू शकत नाही, ती इजा गंभीर होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही मुदत पंधरा दिवसांवर आणण्यात आली आहे. नित्याचे व्यवहार हीच खरी कसोटी आहे, हे त्या जुन्या कायदेपंडितांनी अचूक ओळखले होते. पंधरा दिवसांनंतर, सहा महिन्यांनंतर किंवा दोन वर्षांनंतर त्या व्यवहारांचे काय झाले, हे पाहण्याचे काम अर्थातच फौजदारी कायद्याचे नाही.

शुद्धीची मोजणी

डोक्याला मार लागलेला रुग्ण दाखल झाला की डॉक्टर प्रथम त्याची शुद्ध मोजतात. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या मेंदूशल्यविशारदांनी १९७४ साली यासाठी एक साधी श्रेणी सुचविली. रुग्ण डोळे केव्हा उघडतो यास ४ पर्यंत, तो काय व कसे बोलतो यास ५ पर्यंत आणि हातपाय कसे हलवितो यास ६ पर्यंत गुण द्यावयाचे. एकूण गुण कमीत कमी ३ व जास्तीत जास्त १५. तेरापासून पुढे इजा सौम्य, नऊ ते बारा मध्यम आणि आठ वा त्याहून कमी असल्यास तीव्र. या श्रेणीसाठी यंत्र लागत नाही, तिचे शिक्षण थोड्या वेळात देता येते आणि पनवेलच्या डॉक्टरने दूरध्वनीवरून सांगितलेला आकडा मुंबईच्या डॉक्टरला तत्काळ कळतो. त्यामुळे ती जगभर रूढ झाली.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, जेनेट यांनी बाँड यांच्या साहाय्याने दुसरी एक श्रेणी मांडली. रुग्णाचे अखेर काय झाले, याचे तिने पाच भाग केले : मृत्यू, जाणीव न परतलेली अवस्था, दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणारे तीव्र अपंगत्व, स्वतःचे पाहू शकणारा पण मर्यादा आलेला रुग्ण आणि चांगली सुधारणा. पुढे या पाचांचे आठ भाग करण्यात आले व प्रत्येकासाठी ठरावीक प्रश्न आले. रुग्णाला दिवसभर घरी एकटे ठेवता येते काय, तो मदतीशिवाय खरेदी करू शकतो काय, जवळपासचा प्रवास एकट्याने करतो काय, पूर्वीइतके काम करतो काय, असे ते प्रश्न होत. रुग्णालयाच्या खाटेवरून उठून मोजमाप प्रथमच बाजारात आणि बसथांब्यावर आले, ते येथे.

तरीही ‘चांगली सुधारणा’ हा शब्द फसवा ठरू शकतो. डॉक्टरांच्या दृष्टीने ज्याची सुधारणा चांगली, तोच मनुष्य घरच्यांच्या दृष्टीने ‘पहिला न राहिलेला’ असू शकतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते.

न दिसणारी इजा

असे का होते, हे समजण्यासाठी मेंदूच्या रचनेकडे थोडे पाहावे लागेल. मेंदू हा मऊ अवयव कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. वेगाने जाणारी दुचाकी अचानक थांबते, डोके रस्त्यावर किंवा दुभाजकावर आदळून थांबते, परंतु आतला मेंदू त्याच क्षणी थांबत नाही. तो पुढे जाऊन कवटीच्या आतील कंगोऱ्यांवर आपटतो, पिळवटतो, आणि त्यातील लक्षावधी सूक्ष्म तंतू ताणले जातात अथवा तुटतात. कपाळामागचा व कानशिलामागचा भाग या आघातात विशेषेकरून सापडतो. कपाळामागचा भाग बेत आखणे, स्वतःला आवरणे, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे न वळणे या गोष्टी सांभाळतो. कानशिलामागच्या भागाचा स्मरणाशी निकट संबंध आहे. म्हणून हातपाय धड असूनही मनुष्य सांगितलेले विसरतो, लवकर थकतो, गोंगाट त्याला सोसवत नाही, क्षुल्लक कारणाने संतापतो, किंवा उलट कशातच रस न घेता बसून राहतो. काहींची गंधाची जाणीव जाते. ही गोष्ट किरकोळ वाटते, परंतु स्वयंपाकघरात गॅस गळत असताना किंवा दूध करपत असताना ती किरकोळ राहत नाही.

हे दोष बाहेरून दिसत नाहीत, हीच यातील मोठी अडचण होय. ज्याच्या पायाला कुबडी आहे त्याला गाडीत जागा मिळते. ज्याची स्मरणशक्ती लंगडते त्याला ‘आळशी’, ‘तिरसट’, ‘नाटकी’ ही विशेषणे मिळतात. आणखी एक विचित्र प्रकार असा की, इजेमुळे स्वतःतील बदल ओळखण्याची शक्तीच कित्येकदा कमी झालेली असते. पत्नी सांगते की हे दहादा तेच विचारतात. पती मनापासून सांगतो की मला काहीही झालेले नाही. तो खोटे बोलत नसतो.

उदाहरणादाखल तळोज्याच्या एखाद्या कारखान्यातील पस्तिशीचा यंत्रचालक डोळ्यांसमोर आणावा. दुचाकीवरून पडला, शिरस्त्राण नव्हते, दाखल करताना शुद्धीचे गुण नऊ. तीन आठवड्यांनी घरी आला तो चालत. चार महिन्यांनी कामावर गेला आणि पंधरा दिवसांत परत आला, कारण यंत्राच्या आवाजात त्याला सूचना लक्षात राहत नव्हत्या आणि मुकादमाशी दोनदा हमरीतुमरी झाली. आता तो खांदा वसाहतीतील घरी बसून असतो. पगाराचे पैसे पूर्वी तो सांभाळी, आता पत्नी सांभाळते. रविवारी ज्यांच्याबरोबर तो क्रिकेट खेळे, ते मित्र पहिले दोन महिने आले, मग येईनासे झाले. याचे शुद्धीचे गुण आज पंधरापैकी पंधरा आहेत!

पंधरा प्रश्न, एकोणतीस गुण

अशा माणसाच्या स्थितीचे मोजमाप करण्यासाठी अमेरिकेतील बफलो येथील बॅरी विलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ च्या सुमारास एक प्रश्नावली तयार केली. मेंदूच्या इजेनंतर माणूस घरात, समाजात व कामधंद्यात कितपत पुन्हा सामील झाला, हे पंधरा प्रश्नांतून पाहावयाचे, अशी तिची योजना आहे. घरासाठी १० गुण, सामाजिक व्यवहारांसाठी १२ व कामधंदा, शिक्षण, प्रवास यांसाठी ७, असे एकूण २९ गुण. घरात किराणा कोण आणतो, स्वयंपाक कोण करतो, रोजची घरकामे कोणाकडे आहेत, मुलांचे कोण पाहते, चार माणसांना घरी बोलावण्याचे कोण ठरविते, पैशाचा व्यवहार कोण सांभाळतो, असे प्रश्न आहेत. ते काम रुग्ण स्वतः करीत असल्यास दोन गुण, कोणाच्या सोबतीने करीत असल्यास एक आणि दुसरेच कोणी करीत असल्यास शून्य. पुढे महिन्यातून किती वेळा खरेदीस जाता, करमणुकीस बाहेर पडता, आप्तमित्रांकडे जाता. मन मोकळे करावे असा मित्र आहे काय. घराबाहेर किती वेळा जाता. नोकरी, शिक्षण किंवा विनावेतन सेवा यांपैकी काय चालू आहे, हे विचारले जाते. पंधरावीस मिनिटांत हे काम उरकते. प्रश्न साधे आहेत, उत्तर तपासून पाहता येते आणि सहा महिन्यांनी तेच प्रश्न विचारून फरक काढता येतो.

आता हीच प्रश्नावली त्या यंत्रचालकाच्या घरी नेऊन पाहू. स्वयंपाक कोण करतो? पत्नी. गुण शून्य. घरकाम? पत्नी आणि आई. शून्य. मुलांचे? आजी पाहते. शून्य. घराच्या सदरात त्याला दहापैकी एखादा गुण मिळाला तरी पुष्कळ. परंतु अपघातापूर्वी विचारले असते तरी उत्तर हेच आले असते! आपल्याकडील असंख्य धडधाकट पुरुष या सदरात आयुष्यभर शून्यावर आहेत, आणि त्याची खंत त्यांना नाही, हा निराळा प्रश्न. इजेने त्याचे येथे काहीच गेले नाही. त्याचे गेले ते पैशाच्या प्रश्नावर, मित्राच्या प्रश्नावर आणि नोकरीच्या प्रश्नावर. एकूण बेरीज पाहणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही.

याच्या उलट उरण नाक्यावर मासळी विकणाऱ्या एखाद्या बाईचे. पहाटे माल घेणे, भाव करणे, उधारीवाल्यांचे हिशेब तोंडपाठ ठेवणे, घरी येऊन भाकरी थापणे, हे सारे तिच्या अंगावर असते. तिच्या डोक्याला इजा झाली की घर मायेने गोळा होते. सून चूल सांभाळते, मुलगा म्हणतो, ‘आई, आता तू नुसती बस.’ शेजारीपाजारी या सुनेचे कौतुक करतात आणि ते रास्तही आहे. प्रश्नावलीत मात्र या बाईचे गुण धडाधड कोसळतात. येथे प्रश्नावलीच खरे बोलते. जी बाई तीस वर्षे स्वतःच्या तागडीवर घर चालवीत आली, तिला नुसते बसविणे हा विसावा नव्हे, हे तिला विचारले तर ती सांगेल. विचारले जात नाही एवढेच.

यावरून एक गोष्ट उघड होते. नुसता आजचा रकाना पुरेसा नाही. त्याच्या डावीकडे ‘अपघातापूर्वी’ असा रकाना असला पाहिजे. तो पहिल्याच भेटीत, घरच्यांच्या आठवणी ताज्या असताना, भरून घेतला पाहिजे. वर्ष उलटल्यावर विचारले तर अपघातापूर्वीचा प्रत्येक माणूस कर्तबगार आणि शांत स्वभावाचा होता, असेच उत्तर येते.

शब्दांची अडचण

प्रश्न मराठीत आणतानाही सावधगिरी लागते. इंग्रजीतील शब्दाला कोशातील प्रतिशब्द ठेवला की काम झाले, असे होत नाही. ‘तुम्ही स्वतंत्र राहू शकता काय?’ असे विचारले तर पनवेल तालुक्यातील गावात त्याचा अर्थ ‘तुम्ही वेगळी चूल मांडणार काय?’ असा घेतला जाईल, आणि घरच्यांच्या समोर कोणीही शहाणा मनुष्य त्यास नकारच देईल. करमणुकीसाठी उपाहारगृहात किंवा चित्रपटाला जाता काय, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा मनुष्य दर गुरुवारी भजनी मंडळात टाळ धरीत असेल, गावदेवीच्या जत्रेत पालखीला खांदा देत असेल, गणेशोत्सवात वर्गणीचे पावतीपुस्तक सांभाळीत असेल. हळदीकुंकवाला जाणे, मयताला जाणे, लग्नाच्या याद्यांना बसणे ही आपल्याकडे समाजात असण्याची लक्षणे आहेत. पाहुण्यांना बोलावण्याचे कोण ठरविते, या प्रश्नाचे तर कित्येक घरांत उत्तरच नाही, कारण पाहुणे न बोलावता येतात.

प्रवासाचा प्रश्नही येथे निराळ्या रीतीने विचारावा लागेल. पनवेल हे हार्बर मार्गावरील अखेरचे स्थानक. येथे गाडीत बसायला मिळते, ही सोय. पण वाशी किंवा वडाळ्याला गर्दीतून वेळेवर उतरणे, चुकीच्या फलाटावर गेल्यास परत फिरणे, याला लक्ष, स्मरण आणि धीर तिन्ही लागतात. ‘एकट्याने लोकलने जाऊन परत येता काय?’ हा एक प्रश्न मेंदूच्या इजेबद्दल बरेच काही सांगून जाईल.

शेजारच्या अनुभवातून

या अडचणीवरील एक उत्तर निराळ्याच रोगाच्या अभ्यासातून मिळाले आहे, आणि पनवेलकरांना तो रोग व त्याभोवतीचा बहिष्कार अपरिचित नाही. तालुक्यातील नेरे येथील शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीने कुष्ठरुग्णांच्या उपचाराचे व पुनर्वसनाचे कार्य केले. जंतू मेले, औषध संपले, तरी गाव त्या माणसाला आत घेत नाही, हा अनुभव महाराष्ट्राने वरोऱ्याच्या आनंदवनापासून नेऱ्यापर्यंत अनेक ठिकाणी घेतलेला आहे. हे ‘आत घेणे’ मोजता यावे म्हणून भारत, नेपाळ व ब्राझील या देशांत काम करून फान ब्राकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सहभाग-श्रेणी तयार केली व २००६ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात अठरा प्रश्न आहेत.

तिची खुबी अशी की, ती माणसाला दूर देशातील मापाने मोजत नाही. तुमच्यासारख्याच वयाच्या, परिस्थितीच्या, तुमच्याच गावातील माणसांना काम मिळण्याची जेवढी संधी असते तेवढी तुम्हांला आहे काय? सणासमारंभात ते जसे भाग घेतात तसा तुम्ही घेता काय? गावाबाहेर ते जसे जातात तसे तुम्ही जाता काय? घरात तुमची जेवणाची भांडी इतरांच्या भांड्यांबरोबरच ठेवली जातात काय? उत्तर ‘नाही’ आले की पुढचा प्रश्न येतो : याचा तुम्हांला त्रास किती वाटतो? त्रास नसल्यास एक गुण, फार मोठा असल्यास पाच. या श्रेणीत गुण जितके जास्त तितका अडथळा मोठा. बारापर्यंतचे गुण सर्वसामान्य मानले जातात. स्वयंपाक न करणाऱ्या यंत्रचालकाची तुलना येथे त्याच्याच आळीतील पुरुषांशी होते, त्यामुळे त्याचे खोटे शून्य गळून पडते. मासळीवाल्या बाईची तुलना नाक्यावरच्या इतर बायकांशी होते, आणि तिचे खरे नुकसान उघडे पडते.

या पद्धतीतही उणीव आहे. ज्या समाजात बायकांना मुळातच घराबाहेर पडू दिले जात नाही, तेथे घरात कोंडलेली रुग्ण बाईही ‘इतरांसारखीच’ ठरेल. शिवाय त्रास किती वाटतो, हे सांगायला स्वतःतील बदलाची जाण लागते, आणि मेंदूच्या इजेत नेमकी तीच कमी झालेली असू शकते. म्हणून एका मापावर विसंबणे इष्ट नाही. कॅनडातील मेरी ॲन मकॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दहा विधानांची एक छोटी श्रेणी मांडली. आपण या वस्तीतले आहोत असे वाटते काय, येथील वाटा ठाऊक आहेत काय, रस्त्यात भेटल्यावर ओळख देणारी माणसे आहेत काय, दिवसाचा मुख्य भाग कोणत्या उपयोगी कामात जातो काय, एवढेच ती विचारते. विलर यांची प्रश्नावली माणूस काय करतो ते मोजते, मकॉल यांची त्याला काय वाटते ते. दोन्ही उत्तरे घ्यावीत, आणि शक्य तेथे रुग्णाला व घरातील एका व्यक्तीला वेगवेगळे बसवून घ्यावीत. दोघांच्या उत्तरांत मोठे अंतर पडले तर ते अंतर हेच एक महत्त्वाचे निदान असते.

मापाचा उपयोग

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी वाचक विचारील. याचे पहिले उत्तर न्यायालयात मिळते. मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे नुकसानभरपाई ठरते तेव्हा अपंगत्वाची टक्केवारी पुढे येते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की, शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईच्या शक्तीतील घट नव्हे. न्यायालयाने दिलेला दाखला मननीय आहे. डावा हात गमावलेला मनुष्य वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची शक्ती जवळजवळ पूर्ण नष्ट होते. तोच सरकारी कचेरीतील कारकून असेल तर त्याची नोकरी जाईलच असे नाही. हाताला जे लागू, ते मेंदूला अधिकच लागू. परंतु हात गेला हे न्यायाधीशांना दिसते. सूचना लक्षात राहत नाहीत, हे दाखवावे लागते. अपघातापूर्वीचा रकाना आणि वर्षभरातील तीन-चार नोंदी असलेला कागद येथे मोलाचा ठरू शकतो.

दुसरे उत्तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आहे. या कायद्याने दिव्यांगत्वाची जी व्याख्या केली, तिचा गाभाच इतरांच्या बरोबरीने समाजात सहभागी होण्यास येणारा अडथळा हा आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. मेंदूच्या अपघाती इजेचे वेगळे नाव त्यांत नाही. तिच्या परिणामांनुसार हालचालीचे, वाचेचे, मानसिक अशा त्या त्या सदराखाली विचार होतो, आणि अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के ही अट असते. व्याख्या सहभागाची आणि मोजणी अवयवांची, अशी ही स्थिती आहे. ज्याचा प्रत्येक दोष थोडाथोडा आहे, पण सर्व मिळून ज्याचे जगणे अडले आहे, तो या दोहोंच्या फटीत सापडतो. शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्यास सेवाकाळात दिव्यांगत्व आल्यास त्याला सेवेतून दूर करता येत नाही, योग्य अशा दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते, अशी याच कायद्याच्या २० व्या कलमात तरतूद आहे. दुसरे पद कोणते योग्य, हे ठरविण्यासही तोच सहभागाचा कागद उपयोगी पडेल.

तिसरे आणि नित्याचे उत्तर उपचारांचे आहे. दिवसाचा मुख्य भाग कसा जातो, हा प्रश्न महाराष्ट्रातील पुनर्वसनशास्त्राला नवा नाही. आशियातील पहिली व्यवसायोपचार शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्रीय. रुग्णाला त्याच्या हातचे काम परत मिळवून देणे हाच उपचार, ही दृष्टी त्या शाळेने येथे रुजविली. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ ची. या परंपरेतून तयार झालेला व्यवसायोपचारतज्ज्ञ यंत्रचालकाचा कागद पाहील तेव्हा एकूण गुणांपेक्षा त्यातील ओळी वाचील. पैसे : २ वरून ०. मित्र : ‘आहे’ वरून ‘नाही’. मग तो खिशातल्या वहीत हिशेब लिहिण्याची सवय लावील, प्रथम पन्नास रुपयांची भाजी, मग आठवड्याचा किराणा. कारखान्याला सुचवील की, आवाजाच्या यंत्राऐवजी भांडारात अर्धा दिवस काम द्यावे. आणि एखाद्या रविवारी जुन्या मित्रांपैकी एकाला बोलावून समजावून सांगेल की, हा रागावतो तो तुमच्यावर नव्हे.

या कामाला मोठी इमारत लागत नाही. प्रश्न विचारणारी व्यक्ती घरातली नसावी, घाईत नसावी आणि तिला गावाची रीत ठाऊक असावी, एवढे पुरे. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक पहिला रकाना भरू शकतो. पुढच्या नोंदी घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीलाही थोड्या शिक्षणानंतर घेता येतील. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यापुढे दर वर्षी, असा क्रम योग्य ठरेल. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत अधिक असतो हे खरे, पण माणूस घरात व गावात रुळण्याची क्रिया त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहू शकते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ साली विलर यांच्या प्रश्नावलीत दूरध्वनी व संगणकावरील संपर्काचेही प्रश्न घातले. आज पनवेलच्या भजनी मंडळाचा निरोपदेखील मोबाइलवर येतो, तेव्हा हेही विचारले पाहिजे. निरोप येतो काय, आणि आलेल्या निरोपाला तो उत्तर देतो काय, हे दोन प्रश्न मात्र वेगळे ठेवावेत.

मासळीवाल्या बाईचा कागद अशा रीतीने भरला गेला तर तो काहीसा असा दिसेल. अपघातापूर्वी : पैशाचा व्यवहार स्वतः, गुण दोन. तिसरा महिना : मुलगा पाहतो, शून्य. सहावा महिना : तोही शून्य; शेऱ्याच्या जागी ‘नाक्यावर जायचे म्हणते, घरचे सोडीत नाहीत’. त्यानंतर कोणीतरी घरच्यांशी बोलते. वर्षाच्या नोंदीत ओळ येते : सुनेबरोबर सकाळी दोन तास नाक्यावर बसते, भाव स्वतः करते, सुटे पैसे सून मोजते. याला प्रश्नावलीत एक गुण आहे.